ओल कुठून येते, ते आधी शोधा

या वेळी निवडलेली सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत : लहान, जुनं, डागडुजीला आलेलं घर घेणं आणि ते राहतं करणं. उत्तरं देणारी मी बावीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर होते. स्वतःही दोन खोल्यांचं पडकं घर घेऊन दुरुस्त केलं, आजही तिथंच राहते. त्या घरात माझ्या हातून जी मोठी चूक झाली ती दुसऱ्या उत्तरात सांगितली आहे. तीच चूक मला पत्रांतून पुन्हापुन्हा दिसते.

प्रश्न : ताई, आम्हा नवरा-बायकोला एक जुनं घर पसंत पडलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे थोडी मोकळी जागा. विटांच्या भिंती, वर कौलं. विकणाऱ्यांनी नुकताच रंग दिला आहे. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेली आहे, ती ‘नुसती गिलाव्यातली’ आहे असं ते सांगतात. एवढंच घर आमच्या आवाक्यात आहे, त्यामुळे ते हातचं जाईल याची भीती वाटते आणि घेतलं तर फसू याचीही. पाहायला जाताना नेमकं काय पाहायचं?

पहिली गोष्ट, पुन्हा एकदा पाहायला जा, आणि या वेळी पाऊस पडत असताना जा. कोरड्या दिवसांत सगळी घरं चांगली दिसतात. पावसात छत गळतं का एवढंच पाहू नका. छपरावरून उतरलेलं पाणी कुठे पडतं आणि तिथून पुढे कुठे जातं, ते छत्री घेऊन घराभोवती फिरून पाहा. पाणी भिंतीच्या बुडाशी साचत असेल तर घराची निम्मी दुखणी तुम्हाला तिथंच कळली. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं आपण म्हणतो, ते जुन्या घरात शब्दशः खरं असतं. पाया खचणं, लाकूड कुजणं, वाळवी, गिलावा सुटणं, या सगळ्यांच्या मागे बहुतेक वेळा पाणीच असतं.

मग आत या आणि दार लोटून घेऊन दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहा. उघड्या खिडक्यांत कुबट वास निघून जातो, बंद खोलीत तो कळतो. भिंतीला टेकवून ठेवलेलं कपाट असेल तर ते सरकवायची परवानगी मागा. मी माझं घर पाहायला गेले तेव्हा मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. ते वीतभर पुढे ओढलं तर मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरी, मिठासारखी पूड फुललेली होती. बोटानं पुसली की रंगासकट निघत होती. त्या पुडीला लोणा म्हणतात. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, हवेत उडून जातं आणि बरोबर आणलेले क्षार भिंतीच्या तोंडाशी ठेवून जातं. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत दिसते. त्याहून वर, मध्येच कुठेतरी डाग असेल तर पाणी जमिनीतून नाही, छपरातून, भिंतीच्या भेगेतून किंवा एखाद्या नळातून येतं आहे.

नुकता दिलेला रंग पाहून घाबरू नका, पण त्याने हुरळूनही जाऊ नका. रंग सगळीकडे दिला आहे की खालच्या दोन-तीन फुटांतच दोन हात जास्त मारले आहेत, ते उन्हाच्या तिरप्या उजेडात दिसतं. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरा, फुगवटे सावलीसकट दिसतील. आणि टकटक करा. बोटाच्या पेराने ठोकत ठोकत सगळी भिंत फिरा. पक्का गिलावा ठस्स आवाज देतो, सुटलेला पोकळ वाजतो. दहा मिनिटांत कान तयार होतो.

आता तुमची भेग. ती गिलाव्यातली आहे की भिंतीतली, हे ठरवायला बाहेर जाऊन खिडकीच्या त्याच कोपऱ्यात पाहा. आत-बाहेर एकाच जागी भेग असेल तर ती आरपार आहे. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी तिरकी चढत गेली असेल तर पायाचा एखादा भाग खाली बसला असण्याची शक्यता मोठी. केसाएवढ्या भेगा प्रत्येक जुन्या भिंतीत असतात, उन्हा-थंडीने भिंत फुगते-आकसते त्यातल्या त्या. पण भेगेत साधी पेन्सिल शिरत असेल, म्हणजे ती सातेक मिलिमीटर रुंद असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. त्याची फी वाचवायचा मोह करू नका. या सगळ्या व्यवहारात तुमच्या बाजूने बोलणारा तो एकटाच माणूस असतो.

रुंदीपेक्षाही मोठा प्रश्न : भेग जुनी होऊन थांबली आहे की अजून वाढते आहे? थांबलेल्या भेगेच्या कडा मळलेल्या असतात, आत कोळिष्टकं आणि जुना रंग सापडतो. वाढत्या भेगेच्या कडा स्वच्छ आणि धारदार दिसतात. व्यवहाराला दोन-तीन महिने लागणार असतील तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक टिंब काढून त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून ठेवा. पुढच्या फेरीला भेग खुणेच्या पुढे गेली असेल किंवा अंतर वाढलं असेल तर घर अजून हलतं आहे. विकणाऱ्यांना या खुणांची हरकत असेल, तर ती हरकतही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एक ओळंबा बरोबर न्या. नसेल तर दोरीला जड नट बांधा. भिंतीच्या माथ्यापासून सोडला की भिंत पोट काढून बाहेर आली आहे का, ते लगेच कळतं. थोडा बाक जुन्या भिंतीत असतोच. पण बाकाच्या वर वासे भिंतीवरून सरकल्याच्या खुणा असतील तर छपराचं ओझं भिंतीला बाहेर ढकलतं आहे, आणि ते काम किरकोळ नसतं.

छप्पर दिवसा, आतले दिवे बंद करून पाहा. कौलांच्या फटींतून उजेडाचे ठिपके दिसतात. फुटकी कौलं बदलणं ही काळजीची गोष्ट नाही. काळजी लाकडाची. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक हा सगळ्यात नाजूक भाग, कारण तिथं लाकूड ओल्या विटांना चिकटून असतं, वारा लागत नाही, आणि आडव्या कापलेल्या टोकातून ते पाणी पिऊन घेतं. एक स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या टोकाशी, चौकटीच्या पायाशी आणि उंबऱ्याशी दाबून पाहा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं जातं. भिंतीवरून वर जाणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट. तिचा इंचभर तुकडा मोडून ठेवा आणि चार-सहा दिवसांनी पुन्हा पाहा. वाट पुन्हा जोडलेली दिसली तर वाळवी आत जिवंत आहे.

नळ सगळे एकदम सोडा. जुन्या लोखंडी पाइपांत गंज साचून आतलं भोक पेन्सिलीएवढं उरतं. एक नळ चालू असताना ते कळत नाही, तीन सोडले की धार एकदम बारीक होते. मोरीत बादलीभर पाणी एका दमात ओता आणि ते किती वेळात जातं ते पाहा.

कागदपत्रांबद्दल मी वकील नाही म्हणून थोडक्यात सांगते : मालकी कोणाकोणाच्या नावे आहे, हद्द कुठून कुठे, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर ती पाडण्या-दुरुस्तीचा अधिकार कोणाचा, एवढं लेखी हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. सांडपाण्याची वाट दुसऱ्याच्या जागेतून जाते का, हेही विचारा. लोक हे विचारायला विसरतात आणि मग वर्षानुवर्षं भांडत बसतात.

घ्यावं का? भेग थांबलेली निघाली, लाकूड निम्म्याहून जास्त शाबूत असलं आणि पाण्याला घरापासून लांब जायला उतार काढता येत असला, तर घ्या. लोणा, फुटकी कौलं, भयाण फरशी, रंग, मोरी यांना पाहून माघार घेऊ नका, ती सगळी दुरुस्त होतात. पण जो पैसा जमवला आहे त्यातला किमान चौथा हिस्सा कुठल्याच कामाच्या नावावर न टाकता बाजूला ठेवून मगच आकडा बोला. भिंत उघडल्यावर आत काय निघेल, हे भिंत उघडल्यावरच कळतं.

प्रश्न : जुन्या घराच्या भिंतीला खाली ओल होती. मागच्या वर्षी खालचा सगळा गिलावा काढून वॉटरप्रूफिंगची पावडर घालून सिमेंटचा पक्का गिलावा केला. आठ महिने भिंत ठणठणीत होती. आता ओल पूर्वीपेक्षा फूटभर वर आली आहे. मिस्त्री म्हणतो, आणखी वरपर्यंत सिमेंट करू. काय करावं?

थांबा. आणखी सिमेंट करू नका.

हीच ती माझी चूक. कपाटामागचा लोणा मी पाहिला होता, तरी घर घेतल्यावर घाईने तीन फुटांपर्यंत सिमेंट मारून घेतलं. आयुष्यभर सिमेंटच्या कामावर उभी राहिलेले, दुसरं काही सुचलंच नाही. पुढच्या पावसानंतर ओल पाच फुटांवर आली, आणि माझ्या आईची खाट त्या भिंतीला होती. रात्री तिचा खोकला ऐकू यायचा. मला अजूनही तो आवाज आठवतो.

झालं काय, ते समजून घ्या. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन या इंग्लंडमधल्या गवंड्याने १८२४ मध्ये घेतलं. त्याच्या आधीपासून, आणि नंतरही बराच काळ, घरं बांधली गेली ती चुन्यात किंवा मातीत. अशा भिंतींत पाणी शिरतं हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते अडवलं नाही, बाहेर पडायला वाट ठेवली. चुन्याच्या गिलाव्यात इतकी बारीक छिद्रं असतात की भिंतीतली ओल त्यातून वाफ होऊन निघून जाते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर चढवला की वाफेची वाट बंद होते. ओल कमी होत नाही. ती आतल्या आत वर चढते आणि सिमेंट संपेल तिथून डोकं काढते. तुमच्या मिस्त्रीने सिमेंट छतापर्यंत नेलं तर ती तुळईच्या टोकापर्यंत जाईल.

आता उपाय, माझ्या घरात ज्या क्रमाने केला त्या क्रमाने सांगते.

आधी ओल जमिनीतून येते की हवेतली आहे, याची खात्री करून घ्या. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा फूटभर चौकोन भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या जागी चिकटवा आणि चारही कडा टेपने पक्क्या बंद करा. दोन-तीन दिवसांनी कागदाच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर ती हवेतली वाफ, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवणं आणि स्वयंपाकघर-मोरीतली वाफ बाहेर काढणं हा उपाय. कागद सोडवल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतं आहे.

भिंतीतून येत असेल तर कुदळ घेऊन बाहेर जा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी. जुन्या घरांभोवती वर्षानुवर्षं माती, राडारोडा आणि नवे रस्ते चढत जातात, आणि जोतं हळूहळू पुरलं जातं. माझ्या मागच्या भिंतीला बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा चार इंच वर होती. ती उकरून खाली नेली, भिंतीपासून लांब जाईल असा उतार दिला आणि पन्हळीचं पाणी पाइप लावून कोपऱ्यापलीकडे सोडलं. भिंतीला अजून हातही लावला नव्हता. पुढच्या पावसात ओल गुडघ्याखाली राहिली.

मग सिमेंटचा गिलावा काढला. ओलीची रेष जिथं असेल त्याच्याही वर हातभर काढा, कारण क्षार तिथवर गेलेले असतात. काही क्षार हवेतलं पाणीही ओढतात, म्हणून सगळं दुरुस्त करूनसुद्धा जुना लोणा भरलेला गिलावा ठेवला तर दमट दिवशी भिंत पुन्हा ओली दिसते आणि माणूस हताश होतो. काढलेला राडारोडा भिंतीजवळ पडू देऊ नका, तेच क्षार पुन्हा जमिनीत जातात. सांधे ब्रशने कोरडेच झाडा, पाण्याने धुऊ नका.

आणि आता भिंत उघडी ठेवा. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. ओली भिंत वाळायला दर इंच जाडीमागे साधारण एक महिना धरतात. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने. माझ्या घरात त्या उघड्या विटांना सगळे पाहुणे नावं ठेवून गेले. मी दर रविवारी हात लावून पाहत होते. सुरुवातीला तळहात गार पडायचा. एका सकाळी वीट आणि हात सारखेच वाटले, त्या दिवशी मी चुना आणायला गेले.

चुना विकत घेताना नीट पाहून घ्या. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घातलं की तो उकळल्यासारखा फसफसतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि सावकाश पुन्हा चुनखडी होतो. म्हणूनच त्याचा थर पातळ द्यायचा, एकावर दुसरा घाईने चढवायचा नाही, आणि कडक ऊन लागत असेल तर ओलं गोणपाट लावून झाकायचं. कळीचा चुना घरी विरवू नका. त्याची उष्णता आणि शिंतोडे डोळा घालवू शकतात. विरवून मुरवलेलाच घ्या, आणि तोही लावताना डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असू द्या. वरून रंगही चुन्याचाच द्या. प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग दिलात तर वाफेची वाट पुन्हा बंद.

आईची खाट त्याच भिंतीला परत गेली आहे.

प्रश्न : घर ताब्यात मिळालं. हातात पैसे मोजके आहेत. मला आधी स्वयंपाकघर नीट करून घ्यायचं आहे, यांना फरशी बदलायची आहे. कुठून सुरुवात करू?

दोन्ही थांबवा, माझ्यावर रागावू नका. वरून खाली आणि बाहेरून आत या. आधी छप्पर आणि पन्हळी, मग घराभोवतीचा उतार आणि सांडपाणी. त्यानंतर भिंत, तुळई, चौकटी यांतलं जे कमकुवत असेल ते. त्यानंतर विजेचे आणि पाण्याचे पाइप भिंतीत. मग गिलावा, तो वाळल्यावर फरशी, शेवटी रंग. पहिले पैसे जिथं कुणालाही दिसणार नाहीत तिथं जातात, आणि वाईट वाटतं, मला ठाऊक आहे. पण नवी फरशी बसल्यावर मोरीचा पाइप बदलायची वेळ आलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

स्वयंपाकघराचा ओटा मुद्दाम उशिरा करा. दोन महिने साधं टेबल ठेवून काम करा. सकाळी उजेड कुठून येतो, भांडी घासताना स्वतःचीच सावली हातावर पडते का, दार उघडल्यावर कोपराला लागतं का, हे वापरल्यावरच समजतं. टेबल सरकवता येतं, ओटा सरकत नाही. त्याची उंचीही त्या टेबलाखाली विटा ठेवून ठरवा. बाजारातल्या मापावर जाऊ नका, तुमच्या पाठीला विचारा.

प्रश्न : छोट्या घराच्या स्लॅबच्या खालच्या बाजूचा गिलावा पडला आणि आतल्या गंजलेल्या सळया दिसू लागल्या. कामगार म्हणतात, तासाभरात सिमेंट लावून बुजवून देतो. चालेल का?

नाही. तासाभरात फक्त डोळ्यांआड होईल.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळईभोवती इतका अल्कलीपणा असतो की ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून तो कमी करतो, वरून पाणी मुरतं, आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडून ढकलून देतो. वर लावलेलं सिमेंटही तो तसंच ढकलेल, आणि या वेळी कदाचित कोणाच्या डोक्यावर.

त्या जागेखाली झोपणं-बसणं आजपासून बंद करा. इंजिनिअरला बोलवा, तो सांगेल तिथं टेकू द्या. वरून पाणी कुठून मुरतं ते आधी बंद व्हायला हवं. मग सगळं सुटं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, सळई घासून पांढऱ्या धातूवर आणायची, बारीक झाली असेल तर शेजारी नवी जोडायची, गंजरोधक लावायचं आणि दुरुस्तीसाठीच्या खास मसाल्याने भरून घ्यायचं. भरल्यावर निदान सात दिवस ओलं ठेवा. काम चालू असताना तुम्ही समोर उभ्या राहा आणि भरण्यापूर्वीच्या सळयांचे फोटो काढा. ‘घासली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

प्रश्न : जुनी वायरिंग चालू आहे, दिवे लागतात. बदलायलाच हवी का?

वायरवरचं आवरण बोटाने वाकवल्यावर तडकत असेल तर हो, सगळी. नसेल तरी दोन गोष्टी लगेच करून घ्या : खरंखुरं अर्थिंग, आणि मेन स्विचजवळ ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली तर पुरवठा तोडतो तो आरसीसीबी. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहा.

प्रश्न : वडील निवृत्त झाले आहेत. खर्च वाचवायला ते स्वतः दारं-खिडक्यांचा जुना रंग घासणार आहेत आणि मागच्या पडवीचे जुने सिमेंटचे पत्रे काढणार आहेत. घरात माझी तीन वर्षांची मुलगी आहे. काही धोका?

आहे, आणि तुम्ही वेळेवर विचारलंत याचं बरं वाटलं. बाबांच्या हातांना काम हवं असेल तर भरपूर आहे, पण ही दोन कामं तशी नाहीत.

जुन्या तेली रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद झाला, म्हणजे त्यापूर्वीच्या थरांबद्दल कुठेही शंका घ्यायला जागा आहे. रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर बसते. लहान मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि शिसं त्यांच्या मेंदूची वाढ बिघडवतं. रक्तात शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणून माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा सॅंडपेपर आणि ज्योत लावून रंग सोडवणं, दोन्ही नको. रंग शाबूत असेल तर त्यावरच नवा थर द्या. पापुद्रे निघत असतील तर पाणी शिंपडत खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. त्या आठवड्यात मुलीला दुसरीकडे ठेवा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, छातीत जाऊन बसतात आणि आजार कित्येक दशकांनी उठतो. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली ती याचसाठी. पत्रा न फुटता नुसता असेल तर राहू द्या, त्याला भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. काढायचाच असेल तर जाणकारांकडून, भिजवून, अख्खाच्या अख्खा.

बाबांना दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या, कड्या-कोयंडे द्या. माझ्या घरातल्या अकरा कड्या माझ्या भावाने रॉकेलमध्ये भिजवून, घासून परत चालू केल्या. एकही नवी आणावी लागली नाही.

प्रश्न : चार महिन्यांचं काम अकरा महिन्यांवर गेलं. सगळ्या खोल्या अर्ध्या आहेत. धुळीत राहतो, जेवतो, झोपतो. दोघांत रोज भांडणं होतात. आहे तसं विकून टाकावं असं वाटतं. तुम्हाला कधी वाटलं होतं का?

वाटलं होतं. माझ्या बाबतीत तो सातवा महिना होता. रात्री गादीवर सिमेंटची कचकच लागली आणि मी बाहेर पायरीवर येऊन बसले, सकाळपर्यंत.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घर वाईट आहे असं त्यात कुठेच दिसत नाही. छप्पर झालं आहे, पाइप झाले आहेत, म्हणजे अवघड भाग मागे पडला आहे. चूक एवढीच, सगळ्या खोल्या एकदम उघडल्या. त्यामुळे दिवसभर राबूनही संध्याकाळी काहीच पूर्ण झालेलं दिसत नाही, आणि थकलेल्या माणसांना पाठ टेकायला स्वच्छ जागा नाही. अशा वेळी भांडणं होणारच, त्यावरून एकमेकांना जोखू नका.

उद्यापासून सगळी कामं बंद करा, फक्त एक खोली सोडून. सगळ्यात लहान खोली निवडा. तिच्यातलं सामान, गोणी, अवजारं सगळं बाहेर. गिलावा राहिला असेल तेवढा करा, जमीन झाडून पुसून घ्या. नवी फरशी नसली तरी चालेल, जाड सतरंजी पुरे. रंगाचा एक हात द्या. तिथं चप्पल न्यायची नाही, कामाबद्दल बोलायचं नाही, मिस्त्रीचा फोन घ्यायचा नाही, एवढं दोघांनी ठरवा. बाकी घर पंधरा दिवस धुळीत राहिलं तर काही बिघडत नाही. विकायचं की नाही, ते त्या खोलीत महिनाभर नीट झोपल्यावर ठरवा, त्याआधी नाही.

सुरुवात दारापासून करा. तुम्ही लिहिलं आहे की दारं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. त्यातलं एक या रविवारी चौकटीत बसवून घ्या. खाली घासत असेल तर पाव इंच रंधून काढा, आणि आतून कडी लागते का ते पाहा.